तेल खाणाऱ्यांना तीस ग्रॅम मीठ

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला संशयित शोधत बसायला नको. गुन्हा माझ्या हिंदीनं केला. ही हिंदी मी अंबरनाथच्या एमआयडीसीत सत्तावीस वर्षं नोकरी करून कमावलेली आहे. निम्मी मराठी, थोडी सिंधी, बाकी सगळा हातवाऱ्यांचा खेळ. तिच्या जोरावर मी कंत्राटदारांना धमकावलंय, ट्रकवाल्यांना रडवलंय आणि एकदा एका बॉयलर इन्स्पेक्टरला चक्क गाणं म्हणायला लावलंय. फोनवर मात्र हातवारे दिसत नाहीत, आणि घात तिथेच झाला.

माझी मुलगी उल्हासनगरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करत होती. दुसरं वर्ष, शेवटचं प्रोजेक्ट. बाहेरचे परीक्षक येण्याची तारीख ठरलेली. त्या तारखेला प्रयोग दाखवता आला नाही तर वर्ष गेलं, पुन्हा पुढच्या बॅचबरोबर बसा. एवढं एक वाक्य आमच्या सोनिवलीच्या फ्लॅटमध्ये सहा महिने पंख्यासारखं डोक्यावर फिरत होतं.

प्रोजेक्टची सुरुवात समुद्रावर झाली. मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावर जाऊन ही काळे, चिकट गोळे डबा भरून घेऊन आली. जहाजांतून सांडलेलं कच्चं तेल लाटांवर घुसळत घुसळत घट्ट होतं आणि वाळूत येऊन पडतं, ते हे गोळे. घरात शिरताना तिनं आईला ओरडून सांगितलं, "डांबराच्या गोळ्या आणल्यात, हात लावू नकोस!"

"बरं झालं," बायको आतून म्हणाली, "शालूच्या कपाटातल्या संपल्याच होत्या."

ही पहिली ठिणगी. शब्द आमच्या घरात काय काय करू शकतात याची सूचना मला तेव्हाच मिळाली होती, पण मी हसण्यात घालवली. शालू वाचला. डबा वाचला. त्या गोळ्यांवर जे जिवाणू राहत होते, ते पुढे आमच्या घरातल्या बोलण्यात नातेवाइकांसारखे येऊ लागले.

कारण हे जिवाणू तेल खातात. मी तिला तीनदा विचारलं. खातात म्हणजे? चाटतात? जाळतात? "खातात बाबा. तेलाची लांब साखळी तोडतात आणि त्यावर जगतात. दुसरं काही विशेष आवडत नाही त्यांना." आणि समुद्रातले असल्यामुळे मीठ लागतं. एका लिटरला तीस ग्रॅम. आपल्या नळाला येणाऱ्या बारवी धरणाच्या गोड्या पाण्यात ठेवले तर त्यांचं काही खरं नाही. मी नॉनव्हेज खाणारा, बायको शाकाहारी, आणि आता ही तिसरी जात: कच्चं तेल आणि मीठ. मला त्यांच्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. इतका ठाम आहार आमच्या खानदानात कुणाचाच नाही.

यात मी कुठे शिरलो, तर हलवण्याच्या कामासाठी. तिच्या काचेच्या चंबूंना रात्रंदिवस हलवत ठेवायला लागतं, नाहीतर त्यांना हवा मिळत नाही. कॉलेजचं हलवणारं यंत्र दुरुस्तीला गेलं ते गेलंच. आमच्या कारखान्यात, रंगाला लागणारी रेझिनं तपासायच्या प्रयोगशाळेत, तसलंच एक यंत्र कोपऱ्यात धूळ खात होतं. मी मॅनेजरसाहेबांपुढे उभा राहिलो आणि विज्ञान, देश, समुद्र आणि माझी मुलगी या विषयांवर चार मिनिटं बोललो. ते म्हणाले, "वास यायला नको." परवानगी मिळाली.

तीन चंबू माझ्या स्कूटरच्या डिकीत कापसात बसून अंबरनाथला आले. लाल दोरा आणि पिवळा दोरा बांधलेल्यांत मिठाचं पाणी, तेलाचे थेंब आणि जिवाणू. पांढरा दोरा बांधलेल्यात मिठाचं पाणी आणि तेल, जिवाणू नाहीत. तो कोरा. तुलनेसाठी. "पांढऱ्यात काही व्हायला नको," ती म्हणाली. "तिथे तेल आहे तसंच राहिलं तरच लाल-पिवळ्यात जे होईल ते माझ्यांनी केलं असं म्हणता येईल." मला पांढऱ्याची जरा कीवच आली. सगळ्या आयुष्याचं काम एकच, काही न होणं.

सगळं सुरळीत चाललं असताना, परीक्षेला महिना उरला आणि माझ्या तेवीस वर्षांच्या मुलीला कांजिण्या आल्या. बायकोनं दाराला कडुनिंबाचा पाला लावला. मुलगी आतल्या खोलीतून, बंद दाराआडून, मला शिकवू लागली. मी बाहेर स्टुलावर वही घेऊन. एक दिवसाआड प्रत्येक चंबूतून दहा मिलिलिटर काढायचं, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि तेवढंच ताजं, उकळून गार केलेलं मिठाचं पाणी आत घालायचं. प्रत्येक चंबूला वेगळी पिपेट, म्हणजे मोजून ओढायची काचेची नळी, कागदात गुंडाळलेली. बूच उघडताना तोंड दिव्याच्या ज्योतीवरून फिरवायचं.

"बोलायचं नाही बाबा. तोंडातून जंतू पडतात."

"अजिबात?"

"दहा मिनिटं. जमेल का?"

जमलं. आठ दिवस एक दिवसाआड दहा मिनिटं मी मौन पाळलं. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना हे इतकं नवलाचं वाटलं की पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

या बाई म्हणजे आमच्या केमिस्ट. उल्हासनगरच्या, सिंधी, वीस वर्षं माझ्या शेजारी. त्या मला अदा म्हणतात, म्हणजे भाऊ; मी त्यांना अदी म्हणतो, म्हणजे बहीण. त्यांचं मराठी उत्तम आहे. जेवताना "जरा मीठ द्या" असं त्या माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणतात. हे लक्षात ठेवा, कारण सगळा गोंधळ याच्यावरच उभा आहे.

नवव्या दिवशी कारखान्यानं मला चार दिवसांसाठी महाडच्या प्लांटवर पाठवलं. पहाटे निघालो आणि अर्ध्या वाटेत आठवलं की त्या दिवशी पाणी बदलायचंय, आणि मिठाच्या पाण्याची बाटली परवा मीच संपवली. गाडी एका टपरीपाशी थांबवली. समोरून ट्रक जात होते. मी अदींना फोन लावला आणि, देव माझं भलं करो, आदरानं हिंदीत बोललो. मदत मागताना मी नेहमी हिंदीत शिरतो. का ते माहीत नाही.

"अदी, एक काम करने का है. एक लिटर पानी लेना. उसमें तीस ग्राम मीठ डालना. अच्छा उबालना, ठंडा होने देना. फिर तीनों फ्लास्क से दस-दस एमएल निकालना और ये पानी दस-दस एमएल डालने का. परसों फिर से."

"तीस ग्राम मीठा?"

"हां हां, मीठ. तीस."

"पक्का ना अदा? मीठा?"

"अरे एकदम पक्का! उसके बिना वो लोग जी नहीं सकते!"

"ठीक है. मेरे को क्या, मैं डालती है."

मी समाधानानं चहा प्यायलो. वेगळ्या पिपेटींचं सांगायचं राहिलं, हे तर माझ्या लक्षातही आलं नाही.

चार दिवसांनी परतलो तो थेट प्रयोगशाळेत. आणि काय सांगू! तिन्ही चंबू दुधाळ झालेले. इतके दिवस लाल-पिवळ्यात पाणी नुसतं किंचित धूसर दिसायचं, आणि आता नुसती भरभराट! बूच जरा सैल केलं तर इडलीच्या पिठासारखा आंबूस वास. मी हर्षानं मुलीला व्हिडिओ कॉल केला. तिच्या तोंडावरच्या खपल्या सुकायला लागल्या होत्या.

"बघ, बघ! तुझ्या लेकरांनी गाव वसवलंय!"

ती फोनच्या आणखी जवळ आली. मग म्हणाली, "बाबा, पांढरा दोरा दाखवा."

दाखवला. तो तर सगळ्यांत दुधाळ.

"पांढऱ्यात कुणीच नव्हतं."

"मग आता आहे ना!" मी म्हणालो. आनंदाचा वेग माझा मलाच आवरत नव्हता.

"बाबा. कुणीच नव्हतं. मग हे कोण आहे?"

या प्रश्नापुढे मी जो गोंधळलो तो आजतागायत पूर्ण सावरलेलो नाही. ज्या घरात कुणी राहत नव्हतं तिथे मांडव पडलेला, जेवणावळी उठलेल्या, आणि यजमान कोण ते कुणालाच ठाऊक नाही. मी अदींना हाक मारली. फोन टेबलावर उभा केला. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला अदी आणि मधे मी, दुभाषा.

"आंटी, पाण्यात काय घातलं होतंत?"

"तुझे पप्पा जो बोले वही. मीठा."

"मीठ ना?"

"मीठा."

"मीठच ना पण?"

"अरे हां, मीठा, मीठा! चीनी! साखर!" अदींनी कपाटातून चहाच्या साखरेची बरणी काढून कॅमेऱ्यासमोर धरली. "तीस ग्राम. तोलके. मेरे को भी लगा, जंतू लोगों को साखर? फिर सोचा, सब कल्चर में ग्लुकोज तो डालते ही हैं, बराबर होगा."

मी म्हणालो, "अदी, मी मीठ म्हणालो होतो. मीठ! नमक!"

"तुम नमक बोला? नमक बोला तुम?"

"मीठ बोललो."

"तो हिंदी में मीठ किधर होता है? तुम मराठी में बोलते तो मैं मराठी में सुनती. तुम हिंदी में बोला, मैंने हिंदी में सुना. दो बार पूछा, मीठा? तुम बोला, उसके बिना जी नहीं सकते. मैं बोली, अदा का डायबिटीज तो नहीं बोल रहा?"

खरं सांगतो, इतका अपमान होत असतानाही मला त्यांचं कौतुक वाटलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ज्या दोघांनी वीस वर्षं एकमेकांच्या डब्यातलं मीठ वाटून खाल्लं, त्यांनीच हा शब्द एका फोनवर असा हरवला की समुद्रातल्या प्राण्यांना सरबत पाजून मोकळे झाले.

"आणि पिपेट?" मुलीनं विचारलं.

"एकच. पण हर बार धोया, डिस्टिल वॉटर से, तीन बार. हम लोग ऐसाच करते."

मुलीनं बोटांवर दिवस मोजले. फोन बंद झाला. बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर जायची परवानगी दिली आणि ती ओढणी तोंडाभोवती गुंडाळून कारखान्यात आली. आल्या आल्या तिनं मला समजावलं, कारण माझा अजून असा समज होता की दुधाळ म्हणजे भरभराट आणि भरभराट म्हणजे छान. मीठ थोडं कमी झालं ते तिच्या जिवाणूंनी सहन केलं असतं. पण साखरेनं सगळ्या आळीला आमंत्रण गेलं. हवेतले, पिपेटवरचे, हातावरचे, ज्याला ज्याला साखर आवडते ते सगळे आत शिरले आणि भराभर वाढले. तिच्यांना साखरेत रस नाही. ते त्या गर्दीत आहेत की चेंगरले, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आणि एकाच पिपेटमुळे लालमधले पिवळ्यात, पिवळ्यातले पांढऱ्यात गेले असतील. किंवा नसतील.

"म्हणजे नक्की कोण कुठे आहे?" मी विचारलं.

"हेच तर माहीत नाही, बाबा."

"अंदाजे?"

"अंदाज चालत नाही."

मग मला एक नामी युक्ती सुचली. सुचली म्हणजे अंगातच आली. मी म्हणालो, "आपण म्हणू ना की मुद्दाम केलं! साखर घातली तर काय होतं हे बघायचं होतं. परीक्षकांना काय कळतंय? उलट खूश होतील, मुलीनं जादा काम केलं म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खपल्यांनी भरलेल्या त्या चेहऱ्यावर तिचे डोळेच तेवढे दिसत होते, आणि ते पुरेसे होते.

"मुद्दाम करायचं ते आधी ठरवून करायचं असतं. मी चूक झाली असंच लिहिणार."

"माझं नाव नको लिहूस."

"वडील लिहीन."

मग ती कामाला लागली. तिन्ही चंबूंतून थोडेथोडे थेंब तिनं त्याच रंगांचे दोरे बांधलेल्या तीन नव्या चंबूंत घेतले. नवं मिठाचं पाणी. मीठ या वेळी तिनं स्वतः तोललं आणि अदींनी चाखून पाहिलं, म्हणजे तिन्ही भाषांत खात्री झाली. साखर नाही, दुसरं काहीच खायला नाही. फक्त कच्चं तेल. फुकटचं जेवण बंद झालं की पाहुणे उपाशी पडतील आणि ज्यांना तेल खाता येतं तेच टिकतील. म्हणजे तिचे असले तर टिकतील. नसले तर तेल तसंच तरंगत राहील आणि वर्ष गेलं.

"आणि पांढरा कशाला घेतलास?" मी विचारलं. "तो तर कोरा होता."

"आता तो कोरा आहे का ते मला माहीत नाही. म्हणून." खरा कोरा, म्हणजे कुणाचाच थेंब न घातलेला, असा चौथा चंबूही तिनं ठेवला आणि त्याला दोराच बांधला नाही.

पुढचे दिवस आम्ही तिघं त्या यंत्राभोवती फिरत होतो. ती कॉलेजातून संध्याकाळी यायची, रिक्षानं, शिफ्ट सुटताना. मी दर तासाला टेबलावरून उठून जायचो. अदी मला चिडवायच्या, "अदा, अंडे को देखने से जल्दी नहीं निकलता." सुरुवातीला सगळ्या चंबूंत तेल वर काळ्या चकतीसारखं बसलेलं. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी तसंच. पाचव्या दिवशी परत जाताना मुलीनं रिक्षात बसताना मागे वळून पाहिलंही नाही. त्या दिवशी मी अदींना म्हणालो, मराठीत म्हणालो, "तिचं वर्ष मी खाल्लं."

"तुमने अकेले नहीं," अदी म्हणाल्या. "चम्मच तो मेरा था."

सातव्या दिवशी लाल दोऱ्यातली चकती फाटली. तिचे तुकडे झाले, तुकड्यांचे थेंब, आणि पाणी विटकरी धूसर. मुलीनं एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावलं. मी एक डोळा मिटून पाहिलं. तेलाच्या गोल थेंबांना कडेकडेनं बारीक काड्या चिकटून बसल्या होत्या, ताटाभोवती पंगत बसावी तशा.

"तुझेच?" मी विचारलं.

"तशाच दिसतात. अजून तपासायचंय. पण हो. बहुतेक."

तिच्या तोंडून बहुतेक हा शब्द आला म्हणजे उत्सवच. मी लगेच पिवळ्याकडे धावलो. पिवळा तसाच. चकती जागच्या जागी, पाणी स्वच्छ. पिवळ्यातले गेले होते. का गेले, लालमधले का राहिले, एकाच चमच्याची साखर दोघांनी खाल्लेली, तर हा न्याय कुठला, हे मला कुणी समजावू शकलं नाही. मुलगीही नाही.

आणि नवव्या दिवशी पांढऱ्यात तेल फाटलं.

आता तुम्हीच सांगा, मी आनंद करावा की नाही? बिनदोऱ्याचा चौथा चंबू अजून स्वच्छ होता, म्हणजे पाण्यात खोट नव्हती. पण पांढऱ्यात, जिथं काही न होणं हेच काम होतं, तिथे लालपेक्षाही जोरात काम सुरू होतं. लालमधले पिपेटवर बसून तिकडे गेले? पिवळ्यातले पळून जाऊन तिथे स्थायिक झाले? की आमच्या कारखान्यातला, अंबरनाथचाच कुणी, ज्यानं समुद्र कधी पाहिला नाही पण रंगाच्या कारखान्यात राहून तेल पचवायला शिकला? मी हे शेवटचं बोललो तेव्हा मुलगी थबकली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं बोलणं तिनं वहीत लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ.

परीक्षेच्या दिवशी मी आणि अदी अर्धा दिवस रजा टाकून कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे. समोरच्या गाडीवर दाल-पकवान घेतलं, पण दोघांनाही ते जाईना. अदी म्हणाल्या, "अगर फेल हुई तो मैं उसको मुंह कैसे दिखाऊंगी?" मी म्हणालो, "तुम्ही माझ्या मागे उभ्या राहा. मी रुंद आहे."

दीड तासानं ती बाहेर आली. पिशवीत चार चंबू, चेहरा कोरा. अदींनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि काही विचारायच्या आधीच ती बोलायला लागली. परीक्षकांनी चूक झाली ते पान दोनदा वाचलं. मग विचारलं, हा भाषिक गैरसमज म्हणजे नक्की काय? ही म्हणाली, सर, मीठ. ते दक्षिणेकडचे होते, त्यांना ना मीठ कळलं ना मीठा, म्हणून हिनं फळ्यावर दोन्ही लिहून दाखवलं. ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग पांढऱ्याबद्दल विचारलं, यात कोण आहे?

"मग तू काय म्हणालीस?" माझा आवाज नाटकातल्यासारखा आला, पण या वेळी मी नाटक करत नव्हतो.

"म्हटलं, माहीत नाही. लालचा दावा मी करू शकते, तो मी तपासलाय. पांढऱ्याचा नाही करू शकत."

"अगं, कशाला सांगितलंस!"

"ते म्हणाले, मग लालवर पास."

"पास?"

"पास. आणि म्हणाले, पांढऱ्यात कोण आहे ते शोधायचं असेल तर माझ्या प्रयोगशाळेत ये, संशोधनासाठी जागा आहे."

"म्हणजे पांढऱ्यासाठी तू नापास आणि त्याच्याचसाठी जागा?"

"तसं नाही हो बाबा," ती म्हणाली. "म्हणजे, तसंच बहुतेक."

मला काही कळलं नाही. मी तिला जवळ घेतलं, ओढणीसकट, तेवढं कळलं. अदींनी पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याचा चंबू काढला, उन्हात धरला, आत विरघळत चाललेल्या काळ्या थेंबांकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"लाल तुम्हारा," त्या मला म्हणाल्या, "ये वाला मेरा. साखर मैंने खिलाई है."

"आंटी, त्याला साखर आवडते की नाही तेच अजून माहीत नाही," मुलगी म्हणाली.

"तो पूछ लेना," अदी म्हणाल्या. "मगर पप्पा को मत बोलना पूछने को."